आधी बूड दाखवा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अकरा वर्षं टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहतो. मागच्या महिन्यात एका स्नेह्यांच्या रँचवर गेलो होतो, तिथे माझ्या आठ वर्षांच्या लेकीला ओढ्याकाठी दगडाचं टोक सापडलं. मधासारखा रंग, लांबी साडेसहा सेंटिमीटर, खांद्यापाशी रुंदी तीन. अगदी अणीचा कण उडालेला आहे आणि एक कड दुसरीपेक्षा आत गेलेली आहे. फोनवरच्या ॲपने फोटो पाहून ‘क्लोव्हिस, १३ हजार वर्षं’ असं सांगितलं. स्नेही म्हणाले, हे अमेरिकेच्या मूळनिवासींपैकी कोमांची लोकांच्या बाणाचं टोक. कोणाचं खरं मानायचं? स्वच्छ घासून चौकटीत लावायचा विचार आहे. आणि लेक रोज एकच विचारते, ज्याचं होतं त्याने ते टाकून दिलं की हरवलं? — एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : लेकीच्या प्रश्नाकडे शेवटी येते. तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर द्यायला आधीचं सगळं लागेल.

तुम्ही सहा फोटो पाठवलेत, त्यातले पाच टोकाचे आहेत. बहुतेक सगळे असंच करतात, कारण नजर टोकाकडेच जाते. पण ओळख पटते ती बुडावरून. सहाव्या फोटोत ती वस्तू लेकीच्या तळहातावर आडवी आहे, तिथे मला हवं ते दिसलं. दोन्ही खांद्यांच्या खाली चौकोनी देठ आणि देठाच्या तळाशी मधोमध खोल खळगा. दाढ उपटल्यावर तिची दोन मुळं दिसतात ना, तसं.

बुडालाच एवढं महत्त्व का? दगडाचं टोक दांड्यात बसवलं, प्राण्याच्या स्नायूंच्या तंतूंनी आवळलं, वर डिंक किंवा राळ लावली, की देठ झाकला जातो. पुढे कामाला येतं ते वरचं पातं. ते बोथट होतं, मोडतं, परत धार लावून घेतात. लोहाराकडून कुदळ शेवटून आणतात तसंच. मी स्वतः दगड घडवायला शिकले त्याला तीस वर्षं झाली. एकदा सात सेंटिमीटरचं टोक करून दांड्यात बसवलं, हरणाच्या जुन्या कातड्यावर वापरलं आणि बोथट झालं की दांड्यातून न काढता शिंगाच्या तुकड्याने कडा दाबून नवी धार काढली. चौथ्या धारेनंतर ते पाच सेंटिमीटरवर आलं. पात्याच्या कडा आधी बाहेर फुगलेल्या होत्या, त्या आत गेल्या. फक्त पातं पाहणाऱ्याने ती दोन वेगळ्या प्रकारची टोकं मानली असती. देठ मात्र पहिल्या दिवशी होता तसाच होता. तुमच्या टोकाची एक कड आत गेलेली आहे ती याचमुळे, आणि ती एकाच बाजूची आहे म्हणजे हे सुरीसारखंही वापरलं असणार. भाल्याचं टोक आणि सुरी अशी दोन्ही कामं एकाच वस्तूने करणं तेव्हा नेहमीचं होतं.

आता ॲपचं. क्लोव्हिस हा अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या टोकांपैकी एक प्रकार. त्याला देठ नसतो, खांदेही नसतात. पानासारखं सलग अंग, बुडाला थोडा अंतर्वक्र बाक आणि बुडापासून वर चढत गेलेली पन्हळ, म्हणजे दांडा बसावा म्हणून लांब टवके काढून पाडलेला उथळ चर. तुमच्या टोकाच्या देठावरही मधोमध एक टवका उडवलेला आहे, देठ पातळ करण्यासाठी. ॲपने त्यालाच पन्हळ समजलं असावं. माणसालाही हा घोटाळा होतो, पण माणूस टोक हातात फिरवून खांदे पाहतो.

कोमांची लोक टेक्सासमध्ये आले १८व्या शतकात. तोवर व्यापारातून धातू मिळू लागला होता आणि बाणांना लोखंडी टोकं लागत होती. शिवाय हे बाणाचं टोक नाहीच. मध्य टेक्सासमध्ये धनुष्यबाण आला साधारण १३०० वर्षांपूर्वी. त्याआधीची हजारो वर्षं तिथली माणसं अ‍ॅटलाटलने शिकार करायची. अ‍ॅटलाटल म्हणजे हातभर लांबीची दांडी. तिच्या टोकाला आकडा असतो, त्यात हलक्या भाल्याचं मागचं टोक अडकवायचं आणि झटक्याने फेकायचा. हाताची लांबी जणू दुप्पट होते. त्या भाल्याला जड टोक चालतं. बाणाला चालत नाही. बाणाची काडी बारीक असते, म्हणून टोकाची मान साधारण एका सेंटिमीटरच्या आत आणि वजन मोजक्या ग्रॅमचं. तुमच्या भागात खरी बाणाची टोकं मिळतात त्यातलं पर्डिझ एकदा पाहून ठेवा: नाजूक, निमुळता देठ, खांद्यांना बारीक काटे. त्याच्याशेजारी तुमचं टोक ठेवलंत तर ते दांडगं दिसेल. फोटोतल्या पट्टीवरून तुमच्या देठाची रुंदी दीड सेंटिमीटरच्या वर जाते. ही भाल्याची मान आहे.

माझ्या मते हे पेडर्नालेस आहे. मध्य टेक्सासमध्ये सगळ्यात जास्त सापडणाऱ्या प्रकारांपैकी एक, साधारण तीन ते चार हजार वर्षांपूर्वीचं. नाव तिथल्या नदीवरून पडलं, आणि स्पॅनिश भाषेत ‘पेडर्नाल’ म्हणजेच चकमकीचा दगड. दगड तुमच्याच परिसरातला चर्ट, म्हणजे चकमकीच्याच जातीचा, दिसतो. एडवर्ड्स पठाराच्या चुनखडीत तो भरपूर आहे. ‘माझ्या मते’ म्हणतेय, कारण एक गोष्ट फोटोत दिसत नाही. ती तुम्ही करून पाहा. डोळे मिटा आणि अंगठ्याचं नख आधी पात्याच्या कडेवरून, मग देठाच्या कडेवरून हळू फिरवा. पात्यावर नख अडखळेल. देठावर ते अडखळतं की घसरतं, ते मला कळवा. घसरत असेल तर बांधलेले तंतू कापले जाऊ नयेत म्हणून ती कड मुद्दाम घासलेली आहे. पुढच्या वेळी फोटो काढताना दिवा समोर नको, बाजूला आणि खाली ठेवा. टवक्यांच्या मधले कंगोरे उठून दिसतात. दोन्ही तोंडं, दोन्ही कडा आणि बुडाचा खालून एक. त्या एकाची मी वाट पाहते आहे.

आता ‘स्वच्छ घासून’ याबद्दल. कृपा करून घासू नका. शिकत असताना मी चर्टच्या एका लहान पात्याच्या पाठीवरचा काळा थर टूथब्रशने घासून काढला होता. मला तो चिखल वाटला. पातं चमकायला लागलं आणि मी ते अभिमानाने बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, पाठीवर काय होतं? मला सांगता आलं नाही. तो थर पाठीवरच होता, धारेवर नव्हता. म्हणजे पातं ज्याने लाकडात चिकटवलं होतं ती राळ असण्याची शक्यता होती. आज त्या थरावरून झाड कोणतं तेही सांगता आलं असतं. मी आजही ती गोष्ट विसरलेले नाही. तुमच्या टोकाच्या बुडातल्या खळग्यात माती आहे. ती राहू द्या. तेल, वॉर्निश, ॲसिड, तारेचा ब्रश, काही लावू नका. चौकटीत गोंदाने चिकटवू नका. मऊ कापूस घातलेली डबी पुरे.

डबीत एक कागद ठेवा. तारीख, ओढ्यापासून किती पावलं, कोणत्या काठावर, उघड्यावर होतं की मातीत अर्धं रुतलेलं, फोनवरचे अक्षांश-रेखांश, आणि कोणाला सापडलं त्याचं नाव. लेकीच्या अक्षरात असेल तर फारच छान.

हे ‘कोणत्या काठावर’ मी मुद्दाम विचारते आहे. रँच खासगी असेल आणि मालकांची परवानगी असेल तर काठावरची वस्तू त्यांच्या संमतीने तुमच्याकडे राहू शकते. पण टेक्सासमध्ये जो प्रवाह सरासरी ३० फूट रुंद असतो, त्याचं पात्र कायद्याने नौवहनयोग्य धरलं जातं आणि ते पात्र राज्याच्या मालकीचं असतं, मग दोन्ही काठांवर कोणाचीही जमीन असो. तिथून वस्तू उचलता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांत आणि इतर संघराज्यीय जमिनीवर तर मुळीच नाही. १९७९चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. आणि माणसाची हाडं किंवा दफन दिसलं तर हात न लावता थांबायचं.

मालकांना आणखी एक सुचवा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात टेक्सास पुरातत्त्व संशोधन प्रयोगशाळा आहे, तिथे अशा जागांची नोंद होते. नोंदलेल्या जागेचा क्रमांक ४१ने सुरू होतो, कारण राज्यांच्या यादीत टेक्सासचा आकडा तोच. पुढे काउंटीची दोन अक्षरं आणि मग जागेचा क्रमांक. नोंद केली म्हणजे सरकार जमीन घेतं अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. जागा मालकाचीच राहते. नोंद न झाल्याने काय होतं याचं उदाहरण तुमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर आहे. गॉल्ट नावाची जागा. तिथे कित्येक वर्षं दिवसाचे पैसे घेऊन हौशी लोकांना खणू देत होते. वरचे थर, तुमच्या टोकाच्या काळातले, चाळणीसारखे झाले. टोकं घरोघर गेली, कुठल्या खड्ड्यातून कोणतं निघालं ते कोणाला सांगता येत नाही. खालचे क्लोव्हिस काळाचे थर वाचले म्हणून पुढे तिथे मोठं उत्खनन झालं, आणि पुरातत्त्वज्ञ मायकेल कॉलिन्स यांनी ती जमीन विकत घेऊन जतनासाठी देऊन टाकली.

आता लेकीसाठी. तिला सांगा, ते समजण्यासाठी टोकाच्या आजूबाजूला काय होतं ते पाहायला हवं. शिकारीत भाला दगडावर किंवा हाडावर आदळला की अणी मोडते किंवा टोक मानेत तुटतं. पण सरळ दांडा मिळवायला, तासायला, वाळवायला दिवस जातात आणि दगडाचं टोक तासाभरात होतं. म्हणून शिकारी दांडा घेऊन मुक्कामावर परत येतो, शेकोटीजवळ बसतो, बांधणी सोडतो, मोडकं टोक काढून टाकतो, नवं बसवतो. शिकारीच्या जागी तुटलेल्या अण्या सापडतात आणि मुक्कामाच्या जागी बुडं, ती यामुळे. तुमचं टोक जवळजवळ पूर्ण आहे, धार बरीच झिजलेली आहे, अणी उडालेली आहे. मला वाटतं, ते काढून टाकलं. पण खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी तिला त्याच जागी न्या आणि काहीही न उचलता दोन गोष्टी शोधायला सांगा: त्याच मधाच्या रंगाच्या दगडाचे नखाएवढे टवके, आणि जळून लालसर-करडे होऊन तडकलेले चुनखडीचे तुकडे. मध्य टेक्सासमध्ये अशा जळक्या दगडांचे ढीगच्या ढीग असतात, लोक त्यांवर कंदमुळं भाजायचे. दोन्ही दिसले तर ती मुक्कामाच्या जागेवर उभी आहे. काही दिसलं नाही, तर भाला ओढ्यापलीकडे गेला आणि सापडलाच नाही, असंही असेल. तिने काय पाहिलं ते तिने स्वतः मला लिहावं.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांनी अमेरिकेतून ‘फॉलसम’ टोक भेट पाठवलं आहे, ऑनलाइन लिलावात घेतलेलं. सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र आहे. एकही टवका कमी-जास्त नाही, इतकं सुबक आहे. माझा मुलगा म्हणतो खोटं असणार. फोटो जोडले आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचा संशय मला रास्त वाटतो, आणि हे लिहिताना मेहुण्यांच्या भावनेला धक्का लागू नये अशीही इच्छा आहे. त्यांनी प्रेमाने पाठवलं आहे.

फॉलसमची गोष्ट आधी सांगते. न्यू मेक्सिकोत, फॉलसम गावाजवळ, जॉर्ज मॅकजंकिन नावाचे कृष्णवर्णीय गुराखी होते. १९०८च्या पुरानंतर कुंपण तपासत फिरताना त्यांना घळीच्या काठात खोलवर मोठमोठी हाडं दिसली. ही साध्या गव्याची नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि लोकांना सांगत राहिले. १९२२ साली ते गेले. त्यानंतर उत्खनन झालं आणि १९२७ साली, नामशेष झालेल्या बायसनच्या फासळ्यांमध्ये, जागच्या जागी रुतलेलं दगडी टोक मिळालं. अमेरिकेत माणूस हिमयुगाच्या शेवटापासून आहे हे त्या एका टोकाने मान्य करायला लावलं. खोदणाऱ्यांनी ते उपसून काढलं नाही. तसंच ठेवलं, तारा करून जाणकारांना बोलावलं आणि त्यांना ते मातीत असतानाच पाहू दिलं. नंतर कोणी हातात आणून दिलं असतं तर त्यावर कोणाचाच विश्वास बसला नसता.

तुमच्या टोकाबरोबर प्रमाणपत्र आहे, पण त्यात जागा नाही. ‘नैर्ऋत्य अमेरिका’ ही जागा नव्हे. प्रमाणपत्र हे एका माणसाचं मत असतं.

आता वस्तूकडे. टवक्यांच्या मधले कंगोरे भिंगाखाली कोरे आणि तीक्ष्ण दिसतात. दहा-बारा हजार वर्षं मातीत पडलेल्या दगडाचे कंगोरे थोडे मऊ होतात, पृष्ठभागावर वेगळी झाक चढते आणि बारीक खळग्यांत क्षार बसतात. तुमच्या टोकावर तपकिरी रंग आहे, पण तो सगळीकडे सारखा आहे. खळग्यांत आणि उंचवट्यांवर फरक नाही. शेतात सापडलेल्या अस्सल टोकावर नांगराच्या फाळाचे गंजाचे ओरखडे पुष्कळदा असतात, तेही उंचवट्यांवरच, कारण लोखंड तिथेच घासतं. शिवाय तिसऱ्या फोटोत पन्हळीच्या शेजारी एक काचेसारखा सपाट तुकडा शिल्लक आहे. हातोड्याने फोडलेल्या दगडावर इतका सपाट भाग येत नाही. करवतीने कापलेल्या चकतीपासून टोक घडवलं की असा भाग मागे राहतो. एवढं एकच मला पुरे झालं.

हे आजचं नाही. इंग्लंडमध्ये ‘फ्लिंट जॅक’ म्हणून ओळखला जाणारा एडवर्ड सिम्पसन गारेची टोकं करून संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकायचा. १८६२ साली लंडनमध्ये त्याने जाणकारांसमोर बसून ती करूनही दाखवली. उलट बाजूही सांगायला हवी. १९११ साली कॅलिफोर्नियात एकटाच बाहेर आलेला, ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीचा इशी पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला आणि तिथे बाटलीच्या काचेची अप्रतिम टोकं करायचा. ती नवी होती, पण कोणी त्यांना जुनं म्हटलं नाही. तुमचं टोकही ज्याने केलं त्याचा हात उत्तम आहे, फॉलसमची पन्हळ काढताना दहातली कित्येक टोकं मोडतात. शोकेसमध्ये जरूर ठेवा. शेजारच्या चिठ्ठीवर ‘आधुनिक प्रतिकृती’ लिहा, म्हणजे पन्नास वर्षांनी घरातलं कोणी ते संग्रहालयात घेऊन जाणार नाही.

प्रश्न : तुमच्या लेखांत खाचा असलेल्या, देठाच्या टोकांची चित्रं असतात. आमच्या शेतात, प्रवरेच्या काठी, तसं एकही मिळालं नाही. नुसते गारगोटीचे पातळ कपचे मिळतात. आपल्याकडे बाण नव्हते का? काडेपेटीत ठेवून फोटो पाठवतो आहे. — एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : होते. फक्त ते एका दगडाचे नव्हते.

आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत अकीक, जॅस्पर, कॅल्सेडनी तयार होतात. गोटे लहान, पण धार वस्तऱ्याची. त्यातून बोटाच्या पेराएवढी, कधी नखाएवढी पाती काढायची, त्यांची एक कड मुद्दाम बोथट करायची आणि दोन-चार पाती राळेने काडीच्या टोकाला व बाजूंना खोबणीत बसवायची. पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं. यांना आम्ही सूक्ष्मास्त्रं म्हणतो. काडी आणि राळ कुजून जातात, पाती उरतात. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे अशा पात्यांचा आणि त्यांच्या आधीच्या हत्यारांचा क्रम थरांत मिळाला; शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरलेले तुकडेही तिथलेच. प्रवरेकाठच्या नेवासे, दायमाबादच्या प्राचीन शेतकऱ्यांकडे तांबं आलं तरी दगडी पाती सुटली नाहीत. श्रीलंकेत, फा हिएन गुहेत, सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीची हाडाची टोकं मिळाली आहेत, ती बाणांची असावीत असं संशोधकांनी मांडलं आहे. हाडाचं टोक आपल्या जमिनीत टिकलं नसेल म्हणून दिसत नसेल, हेही ध्यानात ठेवा.

काडेपेटीतले सगळे कपचे माणसाने केलेले नाहीत. पहिला, दुसरा आणि पाचवा नांगराने किंवा उन्हाने फुटलेले आहेत. माणसाने ठोकून काढलेल्या टवक्याच्या आतल्या अंगाला, जिथे मार बसला त्याच्या लगेच खाली, छोटा फुगवटा असतो आणि त्यापासून पाण्यातल्या तरंगासारख्या बारीक रेषा पसरतात. बोटाने फुगवटा लागतो, उजेडात तिरपा धरला की तरंग दिसतात. चौथा चांगला टवका आहे, पण तो हत्यार करताना उडालेला कचरा. कचराही जपून ठेवा, त्यावरून इथे बसून काम केलं हे कळतं.

तिसरा मात्र काडेपेटीतून काढून वेगळ्या डबीत ठेवा. मोठा करून पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठले. लांबी दीड सेंटिमीटर, एक कड सरळ आणि धारदार, दुसरी चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि वळणावर मोहरीएवढ्या टवक्यांची ओळ अगदी जवळजवळ. ते वळण धार लावण्यासाठी नाही. काडीत बसणारी, झाकली जाणारी बाजू तीच, म्हणजे हेच तुमच्या टोकाचं बूड. शेताचा गट क्रमांक आणि बांधापासूनचं अंतर लिहून डबीत ठेवा. तिथे नांगरट होईपर्यंत थांबू नका, पहिल्या पावसानंतर एकदा चालून या. दिसेल ते न उचलता जागच्या जागी फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून.